दुसऱ्या मजल्यावरून, ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही "असू द्या हो" म्हणत कचऱ्याची ढकलगाडी पुढे नेता, म्हणून लिहून देते आहे. हे इमारतीतल्या सगळ्यांनी वाचावं आणि तुमच्या लेकीनं तुम्हाला वाचून दाखवावं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून काचेचा पेला फुटला. काचा मी भाजीच्या देठांबरोबर एकाच पिशवीत भरल्या आणि गाठ मारून दाराबाहेर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. "कुणाच्या तरी पिशवीत काच होती," एवढंच म्हणालात. ती पिशवी माझी होती. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आज सांगते आणि माफी मागते.

त्यानंतरच्या रविवारी मी गळ घातली आणि तुम्ही आम्हाला शिकवायला आलात. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून आमच्याच इमारतीची एक पिशवी त्यावर ओतलीत. इतकी वर्षं कोथरूडात राहतोय, पण आपला कचरा असा उलगडलेला कुणी पाहिला नव्हता. आमटी सांडलेला पुठ्ठा उचलून म्हणालात, "कोरडा असता तर विकला गेला असता." मग दुधाची पिशवी घेतलीत. तिचा कोपरा कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्यायचा. तो नखाएवढा तुकडा कुणाला वेचता येत नाही, गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली तर तिला भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटाला तुमच्याकडे भाव नाही, कारण त्यातले चिकटलेले थर सुटे होत नाहीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे सांगताना पुरुषमंडळी उभी होती म्हणून तुमचा आवाज जरा खाली गेला, पण तुम्ही थांबला नाहीत. त्याबद्दल आम्हा बायकांकडून वेगळा नमस्कार.

"शेवटी गाडीत सगळं एकच होतं ना?" असं कुणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "जे मला काढता येत नाही, तेच एक होतं." मग पुण्याच्या कचरा डेपोजवळच्या फुरसुंगी गावात दिलेल्या नणंदेची विहीर कचऱ्यामुळे कशी नासली, ते सांगितलंत. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, ते दिवस आम्हाला आपल्या गल्लीतल्या दुर्गंधीमुळे आठवतात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांच्या उशाशी साठला, त्यांना काय आठवत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

आता जिन्याखाली तीन गोण्या आहेत: कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, आणि काच-पत्रा. त्यावरून सोसायटीच्या बैठकीत वाद झाला. रद्दीचे पैसे देखभाल खर्चात घ्यावेत, असं काहींचं म्हणणं होतं. मी विरोधात बोलले. महिन्याची फी ही दारातून कचरा नेण्याची. निवडून, वाहून, विकून मिळणारा पैसा निवडणाऱ्या हातांचा. तुमच्या सासूबाई उकिरड्यावर कागद वेचायच्या. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे सासूबाईंना ओळखपत्र मिळालं, आणि ते तुम्ही अजून जपून ठेवलंय, हेही मी सांगितलं. नंतर त्यातूनच 'स्वच्छ' ही तुमची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार येऊ लागली, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. ठराव मंजूर झाला: तिन्ही गोण्या तुमच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आता दुधाच्या पिशव्या चिमटे लावून दोरीवर वाळत घालतात. काच फुटली तर ती जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून वेगळी ठेवली जाते. याकडे मी स्वतः लक्ष देते. पार्किंगच्या नळापाशी तुमच्यासाठी साबण आणि बसून निवडायला बाकडं ठेवलंय.

एक विनंती. शेजारच्या इमारतीतल्यांनाही शिकायचंय. येत्या रविवारी जमेल का? वर्तमानपत्र आम्ही अंथरतो, पिशवी त्यांची असेल. त्या तासाचे पैसे त्यांनी द्यायचे ठरले आहेत, तेव्हा कृपा करून "असू द्या" म्हणू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी