गावठाणात उभे राहून धरणग्रस्त मोजू नका

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कोयना धरण १९६४ साली पूर्ण झाले. खोऱ्यातून उठलेली कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. आज त्यांची पाहणी पुनर्वसित गावठाणापासून सुरू केली, तर तिथे टिकलेलेच तेवढे सापडतात. कुलूपबंद घरापुढे ‘घर बंद’ असा शेरा पडतो आणि ज्यांचे पुनर्वसन फसले, नेमके तेच यादीतून गळतात.

धरणग्रस्त कायद्याने निर्वासित नव्हेत, त्यांनी सरहद्द ओलांडलेली नाही. पण दीर्घकाळच्या निर्वासनाच्या अभ्यासातून त्यांच्यासाठी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एका देशाचे २५,००० किंवा अधिक लोक सलग ५ वर्षे आश्रयाला असले, की संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय ती स्थिती प्रदीर्घ मानते. केनियात दादाबच्या छावण्या १९९१ पासून आहेत आणि बाहेर पडायला परवाना लागतो. शेजारच्या युगांडात २००६ च्या कायद्याने निर्वासितांना फिरण्याची व काम करण्याची मुभा दिली, वसाहतीत कसायला तुकडाही मिळतो. आपल्याकडे कर्नाटकातल्या बायलकुप्प्याच्या निर्वासित तिबेटींना जमीन मिळाली, तरी थंडीत ते पुण्यासारख्या शहरांत स्वेटर विकतात. माल लुधियानाहून येतो, बराचसा उधारीवर. म्हणजे घर एका जागी, कमाई दुसऱ्या जागी आणि पत तिसऱ्या जागी. तिन्ही जोडणारी माणसे आणि वाट मोकळी असली तर संसार चालतो.

आपल्या नोंदींत मात्र कुटुंब एकाच गट नंबरात बसवलेले असते.

म्हणून विनंती अशी, की पुणे विभागात एक नमुना पाहणी करावी आणि ती मूळ संकलन रजिस्टरापासून, म्हणजे धरणात जमीन गेलेल्या खातेदारांच्या नोंदवहीपासून, सुरू करावी. बुडित गावांच्या खातेदारांतून चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत. गाव नमुना ६-क मधल्या वारस नोंदी आणि भाऊबंदांकडची माहिती जोडून आजचे वारस शोधावेत. लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही शोधावे, कारण त्या कागदावरून सर्वांत आधी नाहीशा होतात. माणूस विभागाबाहेर, रायगडला किंवा मुंबईला असेल तर पाहणीने तिथवर जावे. जो सापडणार नाही त्याच्या जागी शेजाऱ्याचे नाव घालू नये. ‘सापडला नाही’ हेच उत्तर नोंदवावे.

प्रश्नावलीत ‘पत्ता’ हा एकच रकाना पुरणार नाही. गेल्या १२ महिन्यांत घरातले कोण किती महिने कुठे होते, पैसे कोणी कोणाला पाठवले, पहिले काम कोणाच्या ओळखीने लागले, आजारपणात उसने कोणाकडून आणले, जुन्या गावच्या माणसांशी लग्ने जुळतात का, हे विचारावे. बायकांना वेगळे बसवून विचारावे, उसनवारीचा खरा हिशेब बहुधा त्यांच्याकडेच असतो. आधी २० घरांत प्रश्न चालवून पाहावेत. फेऱ्या दोन असाव्यात. मे महिन्यात किंवा गणपतीत चाकरमानी गावी आलेले असतात आणि वस्ती फुगलेली दिसते, म्हणून एक फेरी तेव्हा आणि दुसरी ऐन पावसाळ्यात.

तुलनेसाठी त्याच तालुक्यातले न उठलेले गाव हवेच. कोयना खोऱ्यातल्या जावळी-पाटणची माणसे धरणाआधीही मुंबईला जात होती. असे गाव शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय किती स्थलांतर धरणामुळे आणि किती एरवीचे, हे सांगता येणार नाही. सगळा दोष धरणाला देणे जितके चूक, तितकेच ‘ते तसेही गेले असते’ म्हणणे चूक आहे.

सर्वांत नाजूक बाब जमिनीची आहे. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली, जमीन परवानगीविना विकता येत नाही, पण अडचणीत स्टँपवर लिहून दिली जाते. पाहणीचा कागद महसूल खात्याकडे जाणार असे वाटले, तर कोणीही खरे बोलणार नाही. नावे-फोन एका वहीत आणि उत्तरे दुसरीकडे, दोन्हींत दुवा फक्त सांकेतिक क्रमांकाचा, आणि या उत्तरांवरून कारवाई होणार नाही असा लेखी आदेश हवा. तो आपल्या सहीने पाहणीच्या आधी निघावा आणि दर घरी त्याची प्रत दिली जावी.

दुसरा आदेश पाहणीची वाट न पाहता निघू शकतो. मूळ नोंद धरणाच्या जिल्ह्यात आणि जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर प्रकल्पग्रस्त दाखल्याचा अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या पुनर्वसन कार्यालयाने घ्यावा आणि कागद कार्यालयांनी आपसांत मागवावेत.

आपले,
विस्थापनाचे अभ्यासक, पुणे