तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलाच्या पास्त्याची कृती आली होती. क्रीम नाही, सॉसची बाटली नाही, चीजचा डोंगर नाही, हे पाहून बरे वाटले. पण खाली ‘वेळ वाचवा’ अशी एक छोटी चौकट होती. लसूण एकदाच सोलून चिरा, बरणीत ऑलिव्ह तेलात बुडवून ओट्यावर ठेवा, महिनाभर टिकतो, असे त्यात म्हटले होते. ही सूचना मागे घ्यावी, एवढ्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. बाकीचे ओघात.

माझी सगळी नोकरी अन्नाचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. बुरशी दिसते, आंबल्याचा वास येतो, म्हणून तिथे मला त्यांची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेची. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपे, मातीत असतात आणि लसूण मातीतच वाढतो. पाकळीला चिकटून हे बीजाणू स्वयंपाकघरात येतात. एरवी त्यांचा काही उपद्रव नाही, कारण हवेत हा जिवाणू वाढत नाही. तेलात बुडवले की हवा तुटते. लसणात ओलावा असतो, आंबटपणा मात्र फारसा नसतो. या जिवाणूला रोखायला सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; जितका कमी तितके आंबट) 4.6 किंवा त्याखाली लागतो आणि लसणाचा त्याच्या बराच वर असतो. त्यात ओट्यावरची ऊब. अशा बरणीत जे विष तयार होऊ शकते, त्याची गणना ज्ञात विषांतल्या सर्वांत जहाल विषांत होते. बरणीला वास येईल, फेस धरेल, झाकण फुगेल आणि आपल्याला कळेल, या भरवशावर राहू नये.

हे पुस्तकी भय नाही. 1985 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात खाल्लेल्या तीसहून अधिक लोकांना बोट्युलिझम झाला. मूळ निघाले तेलातल्या चिरलेल्या लसणात. तो थंड जागी ठेवायचा होता, ठेवला होता बाहेर. कुणाला एकाची दोन दिसू लागली, कुणाच्या पापण्या उघडेनात, कुणाला गिळता येईना. अनेकांचे निदान सुरुवातीला चुकले. 1989 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसेच घडले आणि त्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा लसणात आम्ल घालणे उत्पादकांना बंधनकारक केले. म्हणून दुकानातल्या बरणीच्या लेबलावर सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल लिहिलेले दिसते. घरच्या बरणीत ते कोण घालतो?

‘पण शिजवताना सगळे मरतेच ना?’ असे कुणी विचारेल. तयार झालेले विष 85 अंशांवर पाच मिनिटे तापवले की नष्ट होते, बीजाणू मात्र उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. आणि आपल्या कृतीत तर बरणीतले तेच तेल शेवटी वरून कच्चे घालायला सांगितले आहे! तेलातला लसूण करून ठेवायचाच असेल तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा, नाहीतर फ्रीझरमध्ये गोठवावा.

मला विचाराल तर या पदार्थाला बरणी लागतच नाही. अख्ख्या पाकळीला लसणाचा तो झणझणीत वास नसतो. चिरताना पेशी फुटतात, त्यातले विकर (एन्झाइम) लसणातल्याच अलीन या घटकाला भेटते आणि तेव्हा कुठे त्या वासाचे अ‍ॅलिसिन तयार होते. ते टिकाऊ नाही, लगेच बदलू लागते. म्हणजे महिनाभर आधी चिरून ठेवलेल्या लसणात आपण ज्यासाठी लसूण घालतो तेच उरत नाही. तीन पाकळ्या चिरायला मिनिट लागते आणि पाण्याला उकळी यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. कुठली वेळ वाचवायची?

दोघांसाठी दोनशे ग्रॅम स्पॅगेटी धरा. इटलीत शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, असा साधा हिशेब आहे. मीठ उकळी वाढवण्यासाठी नसते. एवढ्या मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाच्या पाचव्या भागाइतकाही वर जात नाही. ते चवीसाठी असते, कारण पास्त्याच्या आत मीठ जायची तेवढीच एक संधी. पाणी गॅसवर चढवले की दुसऱ्या पसरट पॅनमध्ये तीन-चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि पातळ कापलेला लसूण एकदमच घालायचा, तेल थंड असतानाच. आच मंद. कडकडीत तापलेल्या तेलात लसूण टाकला की कडेने जळतो, मध्ये कच्चा राहतो आणि जळक्या लसणाचा कडवटपणा टोमॅटोने झाकला जात नाही. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की टोमॅटो घालावा.

टोमॅटो पिकलेला, लालबुंद हवा. तसा मिळत नसेल तर डब्यातला सोललेला अख्खा टोमॅटो फिक्कट ताज्यापेक्षा केव्हाही चांगला. चारशे ग्रॅमचा एक डबा पुरतो. हाताने कुस्करायचा. डब्यातल्या कापलेल्या फोडी मी घेत नाही, कारण त्या टणक राहाव्यात म्हणून त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते आणि मग त्या शिजून मिळूनच येत नाहीत. पंधरा मिनिटांत सॉस दाटतो आणि तेल लाल होऊन कडेला सुटते. टोमॅटोचा तांबडा रंग म्हणजे लायकोपीन, ते तेलात विरघळते. शिजवल्याने आणि सोबत तेल असल्याने ते शरीराला जास्त मिळते.

ऑलिव्ह तेल तापवूच नये, असेही आपल्या लेखिकेने म्हटले आहे. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला धूर सुटतो तो साधारण 190 अंशांच्या पुढे. टोमॅटो पडल्यावर पॅनमध्ये पाणीच पाणी असते, तापमान शंभराच्या आसपास घुटमळते. शेवटी चमचाभर कच्चे तेल वरून घालावे ते वासासाठी, पहिल्या तेलाचे काही बिघडले म्हणून नव्हे.

पास्ता उकळताना पाण्यात तेल घाला आणि नंतर थंड पाण्याखाली धुवा, या दोन सूचना वाचून मात्र मी पुरवणी खाली ठेवली. तेल पाण्यावर तरंगते, पास्त्याच्या वाट्याला येते ते निथळताना, आणि मग सॉस त्याला धरत नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे ढवळणे पुरे. धुतल्याने पिठूळपणा वाहून जातो आणि सगळी किमया तर त्या पिठूळपणाचीच. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी स्पॅगेटी चिमट्याने उचलून थेट सॉसमध्ये टाकावी, ती ज्यात उकळली ते अर्धी वाटी पाणीही घालावे आणि मोठ्या आचेवर हलवत राहावे. पाण्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटोचा रस यांना एकत्र बांधतो. पाणचट दिसणारा सॉस मिनिटभरात प्रत्येक धाग्याला लपेटतो. क्रीम घालणारे लोक जे शोधत असतात ते इथे फुकट मिळते.

गॅसबद्दल एक गंमत. 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले इटलीचे जॉर्जो पारीसी यांनी पुढच्या वर्षी सुचवले की पाणी उकळून पास्ता टाकल्यावर थोड्या वेळाने झाकण ठेवून गॅस बंद करावा, इंधन वाचते. तिथल्या नावाजलेल्या शेफमंडळींनी गहजब केला. पास्ता शिजतो, हे खरे. पण झाकणाखाली ढवळता येत नाही, म्हणून मी गॅस बारीक करते, बंद करत नाही.

हा पदार्थ ‘रोमन काळापासूनचा’ आहे, हे आपल्या प्रास्ताविकातले वाक्यही दुरुस्त करावे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, युरोपात पोचला सोळाव्या शतकात. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकांती यांनी टोमॅटो घातलेल्या व्हर्मिचेल्लीची (स्पॅगेटीसारख्या पास्त्याची) कृती छापली ती 1839 मध्ये. रोमन सम्राटांनी टोमॅटो पाहिलाही नव्हता.

पण ही दुरुस्ती जागा उरली तर. बरणीची मात्र पुढच्याच रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक चौकटीत छापावी. ज्यांनी चौकट वाचून बरणी भरली असेल आणि ती ओट्यावर असेल, त्यांनी वास घेऊन किंवा बोट लावून चाखून पाहू नये, ती तशीच बंद करून टाकून द्यावी. त्यातले काही खाल्ल्यावर दिसायला दुहेरी झाले किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि तेलातला लसूण खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपली,
एक निवृत्त अन्नतपासनीस