गच्चीवरच्या अँकरची तपासणी झाल्याशिवाय रंगकाम सुरू करू नये

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

स. न. वि. वि.

इमारतीला बाहेरून रंग लावायचे सभेत ठरले, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण काल टाकी बघायला गच्चीवर गेलो, तेव्हा कठड्यालगतचे अँकर, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या कड्या, वाकून पाहिल्या. समुद्राकडच्या दोन कड्यांच्या बुडाशी तांबूस ओघळ दिसले आणि एकीभोवती काँक्रीटला बारीक चीर गेली आहे. याच कड्यांना दोर बांधून रंगारी बाहेर लटकणार आहेत.

मागच्या वेळी कड्यांवर चंदेरी रंगाचा हात फिरवला होता. त्यामुळे त्या धडधाकट दिसतात, पण गंज लागतो तो आत, बेसप्लेटखाली (कडीच्या बुडाच्या पाटीखाली) आणि वॉशरच्या फटीत. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ तिथे साचते, हवेतला ओलावा धरून ठेवते आणि लोखंड पोखरत राहते. काँक्रीटमधली चीर मला म्हणूनच जास्त खटकते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. शेडखालच्या कड्या सर्वांत आधी बघायला हव्यात. उघड्यावरच्या निदान पावसाने धुतल्या जातात, शेडखालचे मीठ तसेच राहते.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ असे सभेत कुणी म्हणाले. पण 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही समुद्राकाठी सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले 316 प्रतीचे स्टील जास्त टिकते, तेही कायमचे नाही. आपल्या कड्या कोणत्या प्रतीच्या आहेत, हे बसवताना दिलेल्या कागदपत्रांत पाहावे. स्टेनलेस कडीला साधा, जस्ताचा मुलामा दिलेला नट लावला असेल तर तो नट आधी गंजून जातो.

हाताने हलवून ‘घट्ट आहे’ म्हणणे पुरेसे नाही. ईएन 795 या युरोपीय मानकात एका माणसासाठीच्या धातूच्या अँकरने 12 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 1,200 किलो वजनाइतका ताण सोसावा, अशी अपेक्षा आहे. माणूस घसरला की दोराला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

म्हणून विनंती अशी, की हे काम जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून प्रत्येक अँकर तपासून घ्यावा. ओढून पाहण्याची चाचणी करावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. आज ताण सोसणारा बोल्ट आतून किती झिजला आहे, ते त्या चाचणीत दिसत नाही. संशय वाटेल तिथे वॉटरप्रूफिंग उकलून बेसप्लेट उघडी करावी. प्रत्येक कडीवर क्रमांक आणि तपासणीची तारीख असावी. नापास कडी लगेच कापून टाकावी, नाहीतर कुणीतरी नकळत तिला दोर बांधेल. यापुढे वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी. आपल्याकडची हवा पाहता दर सहा महिन्यांनी नुसती नजर टाकली तरी बरे.

तोपर्यंत टाकीच्या पाइपला किंवा कठड्याला दोर बांधायचा नाही, हे ठेकेदाराला लेखी कळवावे. खर्चासाठी जादा वर्गणी काढावी लागली तर माझा वाटा मी त्याच दिवशी भरेन. तज्ज्ञ येतील तेव्हा मला कळवा, मी त्यांच्यासोबत गच्चीवर थांबेन.

आपला,
वरच्या मजल्यावरचा एक सभासद