या, पण मार्चमध्ये

ओउलू, फिनलंड

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी "यायचं तर डिसेंबरातच, सांताक्लॉजच्या गावाला" असं जाहीर केलं आणि आई "मी तिथे गारठून मरेन, तुम्ही जा" म्हणाली. मला दोघांचंही पटलेलं नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

बाबा, डिसेंबर नको. त्या दिवसांत इथे जेमतेम साडेतीन तास उजेड असतो. सांताचं गाव रोवानिएमी शहराच्या पुढे ८ किलोमीटरवर आहे, तिथे तर त्याहून कमी. शिवाय नाताळात गर्दीही तिथे आणि हॉटेलांचे चढे भावही तिथेच. २० मार्चच्या सुमाराला या. दिवस बारा तासांचा झालेला असतो, बर्फ जागचा हललेला नसतो आणि वर लख्ख ऊन. इथली माणसंसुद्धा खरी बाहेर पडतात ती तेव्हाच. सांता काय, तो तिथे बारा महिने बसलेला असतो. ओउलूहून आगगाडीनं अडीच-तीन तासांत पोचू.

बाबांना सगळ्यात आवडेल ती बर्फातली मासेमारी. इथला समुद्र फारसा खारट नाही, त्यामुळे हिवाळ्यात चांगला जाड गोठतो. लोक हातभर लांब गिरमिट घेऊन जातात, बर्फाला भोक पाडतात, आत तरंगणारा बर्फाचा चुरा आईच्या अनारशांच्या झाऱ्यासारख्या पळीनं काढून टाकतात आणि वीतभर काठीचा गळ सोडून स्टुलावर बसतात. या मासेमारीला परवाना लागत नाही, पैसेही नाहीत. वाशिष्ठीच्या काठी तासन्‌तास गळ धरून बसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? बहुतेक वेळा अंगावर काळे पट्टे असलेला पर्च लागतो. बर्फावर टाकला की बघता बघता लाकडासारखा कडक होतो. बर्फ फुटेल ही भीती नको. माणसाला चालायला ५ सेंटिमीटर कडक बर्फ पुरतो आणि मार्चमध्ये इथे त्याच्या कितीतरी पट असतो. प्रवाहाजवळ किंवा पुलाखाली मात्र कुणी जात नाही, आपणही जायचं नाही.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी आधीच केला आहे. इथे पोत्कुकेल्का नावाची ढकलगाडी असते: पुढे लाकडी खुर्ची, खाली दोन लांब पोलादी पट्ट्या. मागचा माणूस एक पाय पट्टीवर ठेवतो आणि दुसऱ्यानं ढकलत राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी याच गाडीनं दूध-भाजी आणतात. तू खुर्चीत बसायचं, बाबांनी ढकलायचं. रस्त्यावर खडी टाकलेली असली की गाडी अडते, तेवढ्यापुरतं उतरावं लागेल.

कुत्र्यांच्या गाडीचे व्हिडिओ बाबांनी ग्रुपवर टाकले होते. ती नको. जमिनीलगत पाय पसरून बसायचं, सुटताना जोराचा हिसका आणि नंतर उठायला दोघांचा हात. त्यापेक्षा रेनडियरची गाडी बरी, चालीनं जाते. हे प्राणी जंगलात मोकळे फिरतात, पण प्रत्येकाला मालक असतो आणि कानाला त्या मालकाच्या खुणेची कापणी. नरांची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गळून पडतात. म्हणजे मार्चमध्ये शिंगं मिरवताना दिसतील त्या बहुतेक बायका. आईला हे सांगायलाच हवं होतं.

ध्रुवीय प्रकाशाचं वचन देत नाही. मार्च त्याला चांगला असतो, पण आभाळ निरभ्र हवं. शिवाय फोटोत हिरवागार दिसतो तो डोळ्यांना पुष्कळदा फिकट, ढगासारखा दिसतो. दिसला की फोन आत ठेवा, थंडीत त्याची बॅटरीही पटकन बसते.

बाबा, सौना (तापवलेल्या खोलीतलं वाफेचं स्नान) घ्यायचा, पण खालच्या बाकावर आणि थोडाच वेळ. तिथून उठून बर्फाच्या भोकात उतरतात ते तुमच्या बीपीला चालणार नाही. त्यावर चर्चा नाही.

पुण्यात जाकिटं घेत बसू नका. तिथली जाडजूड दिसतात, वारा अडवत नाहीत. इथे मैत्रिणींकडून मिळतील. आतले कपडे लोकरीचे हवेत, सुती घामानं ओले झाले की अंग गार पाडतात. बूट एक नंबर मोठे घेऊ, घट्ट बुटात बोटं आधी बधिरतात. आई, जोडवी आणि कुड्या घरी ठेवून ये, धातू फार लवकर गार होतो. कानटोपी तुझीच आण, तिला तोड नाही. अंधारात चालताना अंगावर परावर्तक (रिफ्लेक्टर) लावायचा इथला कायदा आहे, ते मी आणून ठेवलेत.

व्हिसाला प्रवास विमा लागतो, किमान ३०,००० युरोचा. दोघांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

तारखा या रविवारपर्यंत कळवा, तिकिटं मी काढते. आणि बाबा, आईचा होकार आईच्या तोंडून ऐकायचा आहे, फोन तिच्या हातात द्या.

तुमची,
मनू