‘टेस्टेड ओके’ म्हणून विकलेल्या ब्रेक बूस्टरबद्दल तक्रार

दि. १० फेब्रुवारी २०२५
शारजा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
वापरलेल्या सुट्या भागांची विक्री,
इंडस्ट्रियल एरिया, शारजा

विषय : ९ जानेवारी २०२५ रोजी घेतलेला हायड्रोबूस्ट ब्रेक बूस्टर (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) सदोष निघाल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

३ आणि ६ फेब्रुवारीला मी तुम्हाला इंग्रजीत दोन मेल पाठवले. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. तुमच्या काउंटरवर मराठी बोललं जातं, तेही अस्सल कोल्हापुरी, म्हणून हे तिसरं पत्र मराठीत लिहितोय. निदान हे तरी कुणी शेवटपर्यंत वाचेल.

माझी गाडी तुमच्या माणसांनी दारात उभी असताना पाहिली आहे. १९७९ सालची लँड क्रूझर एफजे४५ पिकअप. मूळच्या ४.२ लिटरच्या टू-एफ इंजिनाच्या जागी आधीच्या मालकाने शेवरलेचं ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट बसवलं आणि ते मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, रीतसर चढवूनही घेतलं. जाताना त्याने कॅमशाफ्टही बदलून ठेवला. आवाज झकास, पण त्यामुळे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना व्हॅक्यूम जेमतेम दहा-अकरा इंच. चांगल्या इंजिनाला अठरा-वीस मिळतो. जुना बूस्टर चालायचा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, एवढ्याशात तो काय मदत करणार? ३५ इंची टायरची ही गाडी सिग्नलला थांबवली की माझी उजवी मांडी भरून यायची. म्हणून हायड्रोबूस्ट.

हायड्रोबूस्ट कसा चालतो हे तुम्हाला शिकवायचं नाही, पण माझी सगळी तक्रार त्यावरच उभी आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. त्याला व्हॅक्यूम लागत नाही. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचं तेल आधी बूस्टरमधून जातं, मग स्टिअरिंग बॉक्सकडे. व्हॅक्यूमच्या डब्याला चौरस इंचाला चौदा पौंडसुद्धा पुरते मिळत नाहीत, इथे हजाराच्या वर दाब मिळतो. फक्त पंप फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर. इंजिन बंद पडलं की पंप थांबला. त्या क्षणासाठी बूस्टरला पेरूएवढा एक अ‍ॅक्युम्युलेटर जोडलेला असतो. आत नायट्रोजन कोंडलेला, त्याच्यावर दाबून ठेवलेलं तेल. इंजिन मेल्यावरही दोन-तीनदा नीट ब्रेक लागावा एवढी शिल्लक त्यात असते. कारखान्याने ती शोभेसाठी दिलेली नाही.

‘इंजिन बंद पडल्यावर याचा किती दाब उरतो?’ हा प्रश्न मी तुमच्या काउंटरवर दोनदा विचारला. माझं इंजिन कार्बोरेटरचं आहे, उभ्या चढावर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल कलतं आणि ते कधीकधी बंद पडतं, हेही सांगितलं. तुमच्या तरुण सेल्समनने बूस्टरवर चिकटवलेल्या पिवळ्या ‘टेस्टेड ओके’ चिठ्ठीवर बोट ठेवलं. म्हणाला, “काका, बिनधास्त न्या.” मी १,४५० दिरहम आणि वर ५ टक्के व्हॅट मोजला. एकूण १,५२२ दिरहम ५० फिल्स. पावतीवर ‘रीकंडिशन्ड, ३ महिने वॉरंटी’ असं तुमच्याच हाताने लिहिलेलं आहे.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं. माझं निम्मं आयुष्य लेथवर गेलं आहे, सुरुवातच कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात झाली, त्यामुळे ब्रॅकेट बाहेरून बनवून घेण्याचा प्रश्न नव्हता. फायरवॉलची भोकं टोयोटाची आणि बूस्टर जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) एक टन ट्रकचा, तेव्हा मधे सहा मिलिमीटरची प्लेट घालून चार दिवस कापाकापी चालली. पेडलचा दांडा सरळ ओढला जावा म्हणून प्लेट दोनदा उतरवली. बूस्टरचा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा (ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन यांच्यामध्ये जराशी मोकळीक राहावी लागते, नाहीतर पाय काढला तरी ब्रेक लागलेलेच राहतात. ती मातीचा गोळा दाबून मोजली. बूस्टरला नंतरच्या काळातली ओ-रिंगची तोंडं आणि माझ्या पंपाला जुनं फ्लेअर. दोन टोकांना दोन जाती असलेली, दाबाला टिकणारी होज बनवून घ्यायला ३१० दिरहम गेले.

एक चूक माझी झाली आणि ती लपवायची नाही. बूस्टरची रिटर्न लाइन आणि स्टिअरिंग बॉक्सची रिटर्न लाइन मी टी-जोड लावून एकत्र केल्या होत्या. स्टिअरिंग जोरात फिरवलं की उलटा दाब बूस्टरमध्ये जायचा आणि ब्रेक आपोआप किंचित धरायचे. माझ्या शेजारच्या गॅरेजमधले पेशावरचे उस्ताद नुसतं ऐकून हसले आणि म्हणाले, टाकीला दुसरं तोंड काढ. काढलं. दोन्ही लाइन वेगवेगळ्या टाकीत सोडल्या आणि तो त्रास संपला. याचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही.

पण तेल भरण्याआधी मी तुमच्याकडे फोन केला होता. काही गाड्यांच्या बूस्टरला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लागतं, काहींना स्टिअरिंगचं तेल, तेव्हा तुम्ही हा कशावर चालवून पाहिलात एवढंच विचारायचं होतं. पलीकडून उत्तर आलं, “ब्रेकचा पार्ट आहे ना, मग ब्रेक ऑइलच टाका.” महोदय, हे ऐकून मी खुर्चीवरून उठलो. ब्रेक ऑइल फक्त मास्टर सिलिंडरमध्ये. बूस्टरमध्ये ते गेलं असतं तर बूस्टर, स्टिअरिंगचा पंप आणि बॉक्स, तिघांचेही सील खराब झाले असते. उलट स्टिअरिंगचं तेल ब्रेकच्या लाइनमध्ये गेलं की चारही चाकांची रबरं फुगतात आणि सगळं मुळापासून बदलावं लागतं. मी जीएमच्या स्टिअरिंगचंच तेल भरलं. पण सगळेच ग्राहक लेथवाले नसतात. तुमच्या फोनवर विश्वास ठेवून डॉट थ्री ब्रेक ऑइलचा डबा ओतणारा कुणीतरी असेलच.

पुढची चाकं जॅकवर घेऊन स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हवा काढली, फेस बसेपर्यंत तासभर थांबलो, पुन्हा तेच. २५ जानेवारीला गाडी रस्त्यावर आली. आणि खरं सांगायचं तर इंजिन चालू असताना ब्रेक उत्तम होते. बोटाएवढ्या जोराने गाडी थांबत होती. इंजिन बंद करून शिल्लक दाब तपासायला हवा होता, तो मी त्या दिवशी तपासला नाही. तुमच्या पिवळ्या चिठ्ठीवर विसंबलो.

१ फेब्रुवारी, शनिवार. मलीहाच्या बाजूला, फॉसिल रॉकजवळ. शेजारी कोल्हापूरहून आठ दिवसांसाठी आलेले मेहुणे. टायरमधली हवा पंधरा पौंडांपर्यंत उतरवलेली. पाचव्या की सहाव्या टेकडीवर माथा आठ-दहा फुटांवर राहिला असताना इंजिनाने मान टाकली. अशा वेळी काय करायचं हे इथे वाळूत गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. ब्रेक धरून ठेवायचा, रिव्हर्स टाकायचा आणि चाकं सरळ ठेवून आल्या वाटेने मागे उतरायचं. गाडी आडवी होऊ द्यायची नाही. आडवी झाली की ती लोळते.

मी क्लच दाबला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल दगड झालं होतं. दोनदा नाही, तीनदा नाही, पहिल्याच वेळी दगड. मदत नसली तरी पायाच्या जोरावर ब्रेक लागतो असं म्हणतात. लागतो, सपाट रस्त्यावर हळू चाललेल्या गाडीला. इथे दोन टनांचं धूड उतारावर मागे निघालं होतं आणि क्लच दाबलेला असल्याने त्याला धरायला दुसरं काहीच नव्हतं. रिव्हर्स पडल्याचं हाताला जाणवलं तसा क्लच सोडला आणि गिअरने पकडलं, पण तोवर शेपूट डावीकडे गेलं होतं. मागच्या डाव्या टायरची कड रिमवरून सुटली, रिम वाळूत रुतला आणि गाडी तिरकी होऊन थांबली. लोळली नाही. मेहुणे त्यानंतर विमानतळावर टॅक्सीने गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये घेऊन मी उस्तादांच्या समोर चाचणी केली. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, मग इंजिन सुरू केलं. पेडल खाली बसलं आणि किंचित वर आलं, म्हणजे बूस्टरचं मूळ काम ठीक. मग स्टिअरिंग क्षणभर टोकाला नेऊन अ‍ॅक्युम्युलेटर भरू दिला, इंजिन बंद केलं आणि ब्रेक दाबला. मदत शून्य. हीच चाचणी तीनदा केली, तीनदा तेच. उरलासुरला दाब जावा म्हणून पेडल वीस वेळा मारलं आणि अ‍ॅक्युम्युलेटर हाताने धरून पाहिला, तर तो आपल्या जागेत लटलटत होता. आतला नायट्रोजन गेला की तो असा हलतो. नायट्रोजन काही माझ्या गॅरेजमध्ये आठ दिवसांत उडालेला नाही.

मग केबिनमधला गालिचा उचलला. पेडलच्या दांड्याभोवतीचं सीलही गळत होतं, तेलाचा ओघळ क्लचच्या पेडलपर्यंत आला होता. मास्टर सिलिंडर गळतोय का ही शंका नको म्हणून चार थेंब पाण्यात टाकून पाहिले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, हे वर तरंगत राहिलं. म्हणजे बूस्टरचंच.

आता ‘रीकंडिशन्ड’ या शब्दाबद्दल. बूस्टरला जाड काळा रंग मारलेला आहे. होज सोडल्या तेव्हा तोंडांच्या आट्यांमध्येही रंग दिसला, आणि एका तोंडात सँड ब्लास्टिंगची खर सापडली. आत तेलाची वाट उघडणारा-मिटणारा जो स्पूल व्हॉल्व्ह असतो तो केसाएवढ्या फटीत सरकतो, त्याच्या दारात ही खर. सील बदलली असती तर युनिट खोलावं लागलं असतं, आणि खोललं असतं तर अ‍ॅक्युम्युलेटर मेलेला आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. यावरून माझा निष्कर्ष असा की वाळू मारली, रंग मारला, चिठ्ठी लावली, एवढंच झालं. तसं नसेल तर तुम्ही मला खोटं पाडा, मला आनंदच होईल.

३ तारखेला फोनवर तुमच्याकडून ऐकलं की वापरलेला माल वापरलेलाच असतो, त्याला कुठली गॅरंटी. मी तीस वर्षं वापरलेला मालच घेत आलोय आणि त्याबद्दल कधी कुठे भांडलेलो नाही. हाच बूस्टर तुम्ही ‘जसा आहे तसा’ म्हणून विकला असता तर मी तीनशे दिरहम दिले असते, पहिल्या दिवशी तो खोलला असता आणि नवा अ‍ॅक्युम्युलेटर घालूनच गाडीत चढवला असता. वरचे साडेअकराशे मी लोखंडाचे दिले नाहीत, त्या पिवळ्या चिठ्ठीचे दिले.

तेव्हा मला १,५२२ दिरहम ५० फिल्स परत हवेत, आणि फाटलेल्या टायरचे ६२० दिरहम. ब्रॅकेट, होज आणि माझे दिवस यांचं बिल मी लावत नाही, ते पुढच्या बूस्टरला उपयोगी पडतील. बदली दुसरा बूस्टर मला नको. तुमच्या मागच्या रॅकवर याच काळ्या रंगाचे आणखी चार ठेवलेले मी पाहिले आहेत. तुम्ही ते कसे तपासलेत आणि त्यांचे अ‍ॅक्युम्युलेटर इंजिन बंद असताना दाब धरतात का, हे मला लेखी कळवा. तोवर ते चार कुणाला विकू नका. हे कळवणं मला पैशांइतकंच महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे नुसते पैसे पाठवून हा विषय संपला असं समजू नका.

रमजान तोंडावर आला आहे, त्यात सगळ्यांचेच कामाचे तास कमी होतात. म्हणून २४ फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्या. न आल्यास पावती, चिठ्ठी आणि चाचणीचे व्हिडिओ घेऊन मी शारजाच्या आर्थिक विकास खात्याकडे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या संघीय कायदा क्रमांक १५ खाली तक्रार नोंदवेन.

बूस्टर गाडीतून उतरवून, तोंडं बंद करून माझ्याकडे ठेवला आहे. शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर माणूस पाठवा. पैसे आणि सहीची पोच मिळाल्याशिवाय तो देणार नाही. नेल्यावर अ‍ॅक्युम्युलेटर मेलेला आहे म्हणून त्याला ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नका आणि तो भंगाराच्या भट्टीत जाऊ देऊ नका. आत थोडा जरी दाब राहिला असेल तर कापणाऱ्या पोराचा हात जाईल.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)

सोबत : पावतीची प्रत, ‘टेस्टेड ओके’ चिठ्ठीचा फोटो, चाचणीचे तीन व्हिडिओ, टायरचं बिल.