जीप गेली, नाव राहिले

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

तीन वर्षे खपून उभी केलेली माझी १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप मी गेल्या दिवाळीआधी विकली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर उभे आयुष्य गेले, त्यामुळे बरेचसे काम घरीच केले. खानापूरकडच्या पावसात फ्लोअरचा पत्रा असा सडला होता की बोट आरपार जायचे. तो कापून नवा बसवला. प्यूजो इंजिनला नवे स्लीव्ह-पिस्टन, पुढे डिस्क ब्रेक, वर पॉवर स्टेअरिंग. फोर बाय फोरचा छोटा लिव्हर चढावर आपसूक सुटायचा, त्यापायी ट्रान्सफर केस दोनदा खोलली. "बोलेरोचं इंजिन टाका की, पाच गिअर मिळतील," असे सांगणारे पुष्कळ भेटले. नाही टाकले. आर.सी.वर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी कोणत्या तोंडाने विकायची?

गिऱ्हाईक चंदगड तालुक्यातले, काजूची बाग असलेले. माणूस फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक घेऊन आला आणि दारांवर, मडगार्डवर ते फिरवत बसला. लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, पत्रा आहे का नाही, ते बघायला! मला तो तिथेच आवडला. पैसे रोख मिळाले. मी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, तारीख कोरी सोडली आणि किल्ली दिली. "कागद दिवाळीनंतर करू," तो म्हणाला.

आपल्याकडची बाची सोडली की महाराष्ट्रातली शिनोळी. बाजाराला, लग्नाला आपण रोज ये-जा करतो. ते दुसरे राज्य आहे हे आपल्या मनातही येत नाही. आरटीओच्या दप्तरी मात्र ते दुसरेच राज्य. फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला काढायचा तो माझ्या नावाने, बेळगावातून. विक्री कळवायला परराज्यासाठी ४५ दिवसांची मुदत. नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या मालकावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगितले आहे. हे सगळे मला कळले ते मोबाइलवर चौथे चलन आल्यावर.

गिऱ्हाइकाचा फोन लागतो, "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. चूक माझीही आहेच. लोहचुंबक त्याने आणले, कागद मी बघायला हवे होते. जुन्या जीपा विकणाऱ्या आपल्या भागातल्या मंडळींनी दाखला हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

दंड मी भरतो आहे. शेवटच्या चलनावर फोटो होता. टप काढून टाकलाय, मागे खताची पोती, आणि डाव्या आरशाचा मी वाकवलेला दांडा अजून तसाच आहे. गाडी झकास दिसत होती, हे कबूल करतो.

आपला,
एक निवृत्त कामगार, येळ्ळूर