गारठलेली बोटं आणि बाबांचे पाय

लेह, जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझ्या पायाच्या गारठलेल्या बोटांचा फोटो पाहून आईला झोप लागली नाही, असं दादा म्हणाला. आई, बोटं शाबूत आहेत. पांढरी पडून बधिर झाली होती एवढंच; फोड आले नाहीत की काळी पडली नाहीत.

तू फोनवर "तव्यावर फडकं गरम करून शेक दे, तेलाने चोळ" म्हणालीस. ते मी मुद्दाम केलं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे शेगडीशी पाय धरला की नकळत भाजतो. चोळल्याने दुखावलेली कातडी आणखी फाटते. इथे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवतात, रंग आणि मऊपणा परत येईपर्यंत. पाणी निवतं, म्हणून थर्मामीटर लावून पुन्हा पुन्हा कोमट करायचं. आणि पाय पुन्हा गारठणार असेल, तर ऊब देण्याची घाई करायची नाही. संवेदना परतताना असं ठणकतं, की डोळ्यांत पाणी येतं. नंतर कोरफडीचा गर लावला.

तुझं तिळाचं तेल वाया जाणार नाही. थंडी आणि रूक्षपणा हे वाताचे गुण, म्हणून त्यावर स्निग्ध आणि उष्ण उपाय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, पादाभ्यंगाने, म्हणजे पायांना तेल चोळल्याने, पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा जातो असं सांगितलंय. मला ते पटतं. पण ते कातडी धड असलेल्या पायासाठी. आता साल निघून खाली नवी कातडी आलीय, तेव्हा रात्री कोमट तेल हलक्या हाताने लावते आणि वर लोकरीचे मोजे घालते. सुंठ घातलेलं पाणीही चालू आहे. त्याने बरं वाटतं.

खरी काळजी मला बाबांची आहे. बाबा, तुमचे पाय उन्हाळ्यातही गार असतात आणि तुम्हाला मधुमेह आहे. आईने तळव्यांवर तेल लावून काशाची वाटी खुशाल फिरवावी, फक्त जखम किंवा भेग असेल तिथे नको, आणि बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नका. गरम पाण्याची पिशवी मात्र अंथरुणातून काढाच. तुमच्या तळव्यांना ती किती तापलीय ते कळणार नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, तेव्हा ती मळणं सोडा. माझ्यासाठी सोडा. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं, हे तुम्ही थकव्यावर ढकलता. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, तर कोणतंही तेल ती मोकळी करत नाही. पायांतलं रक्त नीट वाहतंय का, हे पाहणारी डॉप्लर तपासणी करून घ्या. दादा सोमवारी घेऊन जाईल. आई, तूही बरोबर जा. डॉक्टरांनी विचारलं की बाबा "काही नाही हो" म्हणतील, तेव्हा पोटरीचं तूच सांग.

तुमची,
मनू